पाहुणे डॉक्टर गेल्यावर ऑपरेशन कोण करतं?

वडोदऱ्यात वर्तमानपत्र वाचणाऱ्याला हा फोटो पाठ असतो. लांब टेबल, त्यावर दोन छोटे झेंडे, मधे फुलं, आणि एकमेकांना फाइल देता देता कॅमेऱ्याकडे बघणारे दोन सुटातले गृहस्थ. खाली ओळ असते की अमुक वैद्यकीय संस्था आणि परदेशातलं तमुक विद्यापीठ यांच्यात प्रशिक्षणासाठी सामंजस्य करार झाला. बातमी तिथेच संपते. पुढे कोण कोणाला काय शिकवतं, आणि छोटा उदेपूरहून 'रेफर' होऊन सयाजी हॉस्पिटलात येणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग, हे सहसा कोणी लिहीत नाही.

असे करार जगभर होतात. श्रीमंत देशाचं विद्यापीठ आणि गरीब देशाचं हॉस्पिटल, किंवा हल्ली दोन गरीब देशांतली दोन हॉस्पिटलं. काही करारांनी हजारो जीव वाचवलेत, काहींनी फक्त फोटो दिलेत. हा फरक कशामुळे पडतो ते मुळापासून बघू.

कमी नेमकं काय आहे

डॉक्टरकीत काही कामं डोक्याने करायची असतात, काही हाताने. दुखणं ओळखून गोळी लिहून देणं पहिल्या प्रकारातलं. टाके घालणं, कंबरेत सुई देऊन भूल देणं, सिझेरियन, मोतीबिंदू काढणं, जन्मून न रडणाऱ्या बाळाला मास्क लावून श्वास देणं ही दुसऱ्या प्रकारातली. या दुसऱ्या प्रकाराला डॉक्टरमंडळी 'प्रोसीजर' म्हणतात. मी इथे 'हाताचं काम' म्हणेन.

औषधं खोक्यात भरून जगात कुठेही पाठवता येतात. हाताचं काम असं पाठवता येत नाही, ते करणारा माणूस तिथे असावा लागतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१५ मध्ये हिशोब मांडला. सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळू शकत नाही अशी माणसं जगात ५ अब्ज, आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दर वर्षी आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रिया व्हायला हव्यात. आयोगाने हॉस्पिटल तपासायची एक सोपी कसोटीही सुचवली. सिझेरियन, पोट उघडून करायची तातडीची शस्त्रक्रिया आणि हाड कातडीबाहेर आलेल्या फ्रॅक्चरवरचा उपचार, ही तीन कामं जिथे होतात तिथे बाकीचीही बहुतेक होतात. आणि अशा जागी माणूस दोन तासांत पोचायला हवा.

छोटा उदेपूर इथून शंभरेक किलोमीटर. आतल्या पाड्यावरून निघायचं तर गाडी मिळेपर्यंतच दोन तास जातात. म्हणजे सयाजीत कितीही निष्णात सर्जन असले तरी त्या बाईपुरता प्रश्न असा उरतो की तिच्या जवळच्या दवाखान्यात ते काम येणारं कोणी आहे का.

व्हिडिओ बघून येत नाही का?

सगळ्यांत आधी येणारी शंका हीच. यूट्यूबवर ऑपरेशनं आहेत, मग विमानाची तिकिटं कशाला?

सूरसागरजवळच्या संगीत महाविद्यालयात कोणालाही विचारा. १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या काळात मौलाबक्षांनी तिथे गायनशाळा सुरू केली, आणि त्यांनी स्वरलिपीही बसवली होती. चीज कागदावर उतरली म्हणून गुरू रजेवर गेले नाहीत. बोटं चुकीच्या जागी पडताहेत हे शिकणाऱ्याला स्वतःला कळत नाही, समोर बसलेल्याला कळतं. परदेशी तज्ज्ञ चार दिवस येऊन वीस ऑपरेशनं करून जातात ती उत्तम मैफल असते. ती ऐकून कोणी तबलजी होत नाही.

म्हणून हाताचं काम पायऱ्यांनी शिकवलं जातं. आधी बघायचं, मग मदतीला उभं राहायचं, मग शिकवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपण करायचं, आणि शेवटी एकट्याने. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये विल्यम हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पद्धतीला शिस्त लावली. आपले निवासी डॉक्टर आज त्याच वाटेने जातात. तिसरी पायरी सगळ्यांत महाग पडते, कारण तिथे शिकवणाऱ्याचा वेळ जातो आणि ऑपरेशनही लांबतं. बहुतेक करार मोडतात ते इथेच. कार्यशाळेला लोक पहिली पायरी चढतात, प्रमाणपत्र मात्र चौथ्या पायरीचं घेऊन घरी जातात.

बाहुलीवर जमलं, वॉर्डात नाही

ही मला या सगळ्या विषयातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जन्मलेलं बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात काय करायचं, हे सुईणी आणि नर्सना शिकवणारा एक अभ्यासक्रम अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने जागतिक आरोग्य संघटना आणि इतरांबरोबर २०१० मध्ये आणला. साहित्य अगदी साधं: पाणी भरून वजनदार करता येणारी बाहुली, फुगा आणि मास्क, चित्रांचा तक्ता. बाळाला पुसा, चोळा, तोंड-नाक मोकळं करा, नाहीच जमलं तर मास्कने हवा द्या. टांझानियाच्या उत्तरेकडच्या हायडम या गावी मिशनचं एक मोठं हॉस्पिटल आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांना हे एका दिवसात शिकवलं. काही महिन्यांनी परीक्षा घेतली, तर बाहुलीवर सगळ्यांचं काम कितीतरी सुधारलेलं. मग संशोधकांनी प्रसूतिगृहात खऱ्या बाळांच्या बाबतीत काय होतंय ते पाहिलं. तिथे फरक पडला नव्हता.

का, ते कोणत्याही नर्सला विचारलं तर ती सांगेल. रात्रीचे तीन, एका वेळी दोन बाळंतपणं, मास्क कपाटात, किल्ली दुसरीकडे. एका दिवसात शिकलेलं डोक्यात असतं. अशा वेळी हात जुन्याच सवयीने चालतात.

हायडमने नवीन तज्ज्ञ बोलावले नाहीत. बाहुली वॉर्डातच ठेवली, आणि कामाच्या वेळातच थोडा थोडा, काही मिनिटांचा सराव पुन्हा पुन्हा करायला सुरुवात केली. पहिल्या २४ तासांत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण दर हजारी ११.१ वरून ७.२ वर आलं. बाहुली तीच, अभ्यासक्रम तोच, माणसंही तीच. फक्त शिकणं एका दिवसाऐवजी रोजच्या कामाचा भाग झालं.

हाच अभ्यासक्रम आपल्या बेळगाव भागातही दिला गेला. तिथे मृत जन्मांचं प्रमाण ३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं, नवजात बाळांच्या मृत्यूचं प्रमाण मात्र बदललं नाही. मृत म्हणून बाजूला ठेवली जाणारी काही बाळं प्रत्यक्षात जिवंत असतात, फक्त श्वास घेत नसतात. ती वाचली. पण त्यानंतरच्या दिवसांत जंतुसंसर्ग आणि कमी वजन यांच्याशी गाठ असते, तिथे मास्क पुरत नाही. एका हाताच्या कामाचं प्रशिक्षण किती दूर नेतं आणि कुठे थांबतं, दोन्ही या आकड्यांत दिसतं.

गडचिरोलीत तर याच्या कितीतरी आधी, नव्वदच्या दशकात, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना बाळाला श्वास देणं, उब देणं, संसर्ग ओळखणं हे सगळं एकत्र शिकवलं होतं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. तिथे पर्यवेक्षक नियमाने घरोघर येऊन काम तपासायचे. शिकवून निघून जाणं हा प्रकारच नव्हता.

करारातली मंडळी काय काय करून बघतात

शिबिर हा सर्वांत जुना प्रकार. पथक येतं, फाटलेले ओठ शिवतं, जातं. ज्या मुलाचा ओठ शिवला त्याच्यासाठी ते अमूल्यच, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण टाका उसवला की बघायला तिथे कोणी नसतं.

दुसरा प्रकार म्हणजे आपला माणूस तिकडे पाठवायचा. यात एक गंमत आहे. पाठवलेला डॉक्टर तिकडे अशा यंत्रावर शिकतो जे परतल्यावर त्याला कधीच दिसत नाही.

तिसरा प्रकार रवांडाने मोठ्या प्रमाणावर केला. २०१२ पासून अमेरिकी विद्यापीठांतले शिक्षक तिथे दीर्घ मुदतीसाठी येऊन राहू लागले, आणि प्रत्येकाबरोबर एक रवांडाचा शिक्षक जोडायचा असं ठरलं. जोड्या सगळीकडे सारख्या जमल्या नाहीत, कारण स्थानिक शिक्षकाला आधीच तीन माणसांचं काम. तरी कल्पना मला पटते. पाहुण्याने रोगी बघायचा नाही, शिक्षक घडवायचा.

आणि चौथा, माझ्या मते सर्वांत शहाणा प्रकार पूर्व आफ्रिकेतला. पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांनी १९९९ मध्ये मिळून सर्जनांचं एक कॉलेज काढलं. त्याला इमारत जवळपास नाहीच. चालू हॉस्पिटलांनाच मान्यता द्यायची, तिथल्या सर्जनच्या हाताखाली विद्यार्थ्याने शिकायचं, आणि परीक्षा सगळ्या देशांत एकच. २००७ पासून आयर्लंडचं रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स त्यांच्या जोडीला आहे. आयर्लंडची मदत मुख्यतः परीक्षा, ऑनलाइन अभ्यास, नोंदवही आणि कार्यालय उभं करण्यात झाली. चाकू सुरुवातीपासून आफ्रिकी सर्जनच्याच हातात राहिला.

शिकून परदेशी जातील, त्याचं काय?

हा आक्षेप आपल्याकडे हमखास निघतो, आणि त्यावरचा आपला हमखास उपाय म्हणजे बाँड. गुजरातमध्येही सरकारी कॉलेजातून एमबीबीएस होणाऱ्याला ग्रामीण सेवेचा बाँड असतो, आणि पैसे भरून त्यातून सुटताही येतं.

बाँड माणसाला कुठवर धरून ठेवतो याचा दाखला आपल्याच शहरात आहे. सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली. करार असा की परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. १९१७ मध्ये ते करार पाळायला आले. महाराज अनुकूल, नोकरी तयार. पण कचेरीतले शिपाई फायली लांबून फेकायचे, जातीमुळे राहायला घर मिळेना, आणि पारशी धर्मशाळेत आसरा घेतला तर काठ्या घेतलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढलं. थोड्याच दिवसांत ते शहर सोडून गेले. सयाजीबागेत त्यांनी ज्या झाडाखाली वेळ काढला ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. शहराला लाज वाटावी असा हा इतिहास आहे, आणि तो जातीचा आहे, वैद्यकीय शिक्षणाचा नाही. पण शिकवून आणलेल्या माणसाला राहू न देणारी जागा असेल तर दहा वर्षांचा कागद काही करू शकत नाही, हे त्यात स्वच्छ दिसतं.

आज आतल्या तालुक्यात पाठवलेल्या डॉक्टरचे अडथळे तसे नसतील, पण अडथळे असतातच. क्वार्टर गळकं, मुलांना शाळा नाही, भूल देणारा नाही, म्हणून सर्जन असूनही दिवसभर खोकला-ताप बघायचा. वर्षभरात हात बोथट होतो. अशा वेळी तो जाण्याआधीच त्याचं कौशल्य निघून गेलेलं असतं.

पूर्व आफ्रिकेच्या त्या बिनभिंतींच्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या सर्जनांपैकी सुमारे ८५ टक्के शिकले त्याच देशात काम करताना आढळले. आपल्याच हॉस्पिटलात, आपल्याच रोग्यांवर शिकलेल्या माणसाला तिथलं काम परकं वाटत नाही, हे एक कारण असावं.

मोझांबिकचा आकडा तर याहून बोलका. १९७५ मध्ये पोर्तुगीज गेले तेव्हा डॉक्टर मूठभर उरले. १९८४ पासून त्यांनी डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना तीन वर्षं शस्त्रक्रिया शिकवायला सुरुवात केली. सात वर्षांनंतर पाहिलं तर त्यांतले ८८ टक्के जिल्हा रुग्णालयांतच होते. त्याच काळात तिथे नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता.

डॉक्टर नसलेल्याच्या हातात चाकू?

इथे वाचक दचकणार, आणि दचकावंच. पण मोझांबिकच्या राजधानीत अशा कर्मचाऱ्यांनी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी केलेल्या दोन हजारांहून अधिक सिझेरियनची तुलना १९९६ मध्ये छापून आली, तेव्हा परिणामांत महत्त्वाचा फरक आढळला नाही. जिल्हा रुग्णालयांतल्या प्रसूतीच्या मोठ्या शस्त्रक्रियांपैकी सुमारे ९२ टक्के पुढे हेच लोक करत होते.

इथिओपियात अदिस अबाबाच्या हॅमलिन फिस्टुला हॉस्पिटलातल्या मामितु गाशे मुळात रोगी म्हणून आल्या होत्या. खेड्यातली निरक्षर मुलगी, अडलेल्या बाळंतपणाने शरीर आतून फाटून भोक पडलेलं, त्यालाच फिस्टुला म्हणतात. बऱ्या झाल्यावर वॉर्डात खाटा लावू लागल्या, मग ऑपरेशनच्या वेळी अवजारं देऊ लागल्या, मग टाके घालू लागल्या, आणि शेवटी बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांना ती नाजूक शस्त्रक्रिया शिकवू लागल्या.

याचा अर्थ पदवी बिनकामाची असा नाही. एक ठरावीक काम, पुष्कळदा, कोणाच्या तरी नजरेखाली केलं तर हात तयार होतो, एवढाच त्याचा अर्थ. अनपेक्षित गुंतागुंत झाली की खोल शिक्षण लागतं, आणि वर पाठवायला जागा लागते. भारताने मधली वाट घेतली. साध्या एमबीबीएस डॉक्टरला १६ आठवड्यांत तातडीच्या प्रसूतिसेवा आणि १८ आठवड्यांत जीवरक्षक भूल शिकवायची. कल्पना चांगली. घोळ बदल्यांत झाला. भूल शिकलेल्याची नेमणूक ऑपरेशन थिएटरच नसलेल्या केंद्रात, आणि सिझेरियन शिकलेली डॉक्टर भूलतज्ज्ञ नसलेल्या दवाखान्यात. शिकवण्यावर खर्च करणाऱ्या खात्याने बदलीच्या टेबलाशी बोलायला हवं होतं.

गरिबांच्या अंगावर हात बसवायचा का?

सयाजीसारख्या सरकारी हॉस्पिटलात येणाऱ्यांच्या मनात हे असतं, बोलून दाखवत नाहीत. उत्तर गुळमुळीत देण्यात अर्थ नाही. होय, प्रत्येक सर्जनचं पहिलं ऑपरेशन कोणावर तरी होतं, आणि ते बहुतेक वेळा सरकारी दवाखान्यातल्या रोग्यावर होतं. मुद्दा असा की शेजारी उभा असलेला माणूस कोण आहे, तो अर्ध्यात हातात घेऊ शकतो का, आणि रोग्याला हे सांगितलंय का.

परदेशी पाहुण्यांच्या बाबतीत हा प्रश्न जास्त टोकदार होतो. आपल्या देशात ज्या विद्यार्थ्याला टाकाही घालू देत नाहीत, तो 'अनुभवासाठी' गरीब देशात येऊन घालतो, हे घडतं. परदेशी डॉक्टरला भारतात रोग्याला हात लावायचा तर नॅशनल मेडिकल कमिशनची तात्पुरती परवानगी लागते. करारात ती कोण काढणार, आणि पाहुणा गेल्यावर गुंतागुंत झाली तर जबाबदार कोण, हे लिहिलेलं नसेल तर झेंडे-फुलं काहीही असोत, तो करार रोग्यासाठी नाही.

पहिला हात माणसावर पडायच्या आधी बराच सराव बाहेर होऊ शकतो, आणि त्याला फार पैसेही लागत नाहीत. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सराव पुठ्ठ्याच्या खोक्यात मोबाइलचा कॅमेरा लावून करता येतो. भेट आलेल्या महागड्या यंत्रांचं मात्र वेगळंच. गरीब देशांतल्या हॉस्पिटलांची यादी तपासली तेव्हा सुमारे ३८ टक्के वैद्यकीय उपकरणं बंद पडलेली आढळली. सुटे भाग नाहीत, वीज धड नाही, चालवायला शिकलेला बदलून गेला.

मग आपण शिकणारे की शिकवणारे?

दोन्ही. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू झालं, आणि आज मोतीबिंदूची कमी खर्चातली शस्त्रक्रिया शिकायला तिथे देशोदेशीचे डॉक्टर येतात. तिथे रोज इतकी ऑपरेशनं होतात की शिकणाऱ्याला तिसऱ्या पायरीवर थांबून राहावं लागत नाही. रोग्यांची गर्दी, जिला आपण नेहमी कटकट समजतो, ती शिकवणाऱ्या संस्थेची सर्वांत मोठी दौलत असते. पुरुष नसबंदीची बिनटाक्याची पद्धत चीनमधल्या ली शुनछियांग यांनी १९७४ मध्ये काढली, आणि १९८५ मध्ये परदेशी तज्ज्ञ ती बघून आल्यावर अमेरिकेत पोचली. कौशल्य नेहमी वरून खालीच वाहतं असं नाही.

वडोदऱ्याचा पूर्व आफ्रिकेशी संबंध पिढ्यान् पिढ्यांचा आहे, तिथले विद्यार्थी आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकतात. भावी करारांत आपण पाहुणे असू. तेव्हा शिबिराचा मोह आपल्यालाही होणार.

पैसा थांबतो तेव्हा

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, आणि जुलैपर्यंत ती वाटणारी संस्थाच बंद झाली. तिच्या पैशावर चालणारी प्रशिक्षणं कित्येक देशांत आठवड्याभरात थांबली. रवांडाला असा धक्का आधीच बसला होता. तिथल्या त्या शिक्षकांच्या कार्यक्रमाचा अमेरिकी निधी २०१७ मध्ये आटला, पण तोवर काही स्थानिक शिक्षक तयार होते आणि कार्यक्रम सरकारच्या हातात होता, म्हणून तो लहान होऊन का होईना चालू राहिला.

आपल्या देशात परदेशी पैशाशिवाय चालणारी एक भागीदारी नियमातच आली आहे, तिची बातमी मात्र फार होत नाही. २०२१ पासूनच्या बॅचमधल्या, एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. मोठ्या कॉलेजातली तरुण सर्जन आणि जिल्ह्याचं हॉस्पिटल, दोघांनाही एकमेकांकडून शिकण्यासारखं आहे. पण तिथे तिला कोण शिकवणार, ती कोणाला काय शिकवणार, आणि त्या तीन महिन्यांत भूलतज्ज्ञ जागेवर असणार का, हे ज्या जिल्ह्यात आधी ठरवतात तिथे छोट्या ऑपरेशनांची यादी फलकावर लागते. जिथे ठरवत नाहीत तिथे ती हजेरीपत्रकावर सही करते आणि रोगी वडोदऱ्याला रेफर होतो.